शिकारीची गोष्ट आणि मानवतच्या दहा जणी

खुनी सापडला की गोष्ट संपते, असे रहस्यकथा आपल्याला लहानपणापासून शिकवीत आली आहे. या एका समजुतीत किती खोटेपणा साठलेला आहे, आणि तो आपल्या घराघरांत कसा सुखाने नांदू लागला आहे, याविषयी स्पष्ट लिहावे म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त तसे किरकोळ आहे. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींच्या बैठकीत एका इटालियन थरारपटाचा विषय निघाला. एकामागून एक खून करणारा माणूस, त्याच्या मागावर असलेला खचलेला पोलीस अधिकारी, पाऊस, रात्र, ओल्या रस्त्यावर थरथरणारे दिवे आणि अखेरच्या दहा मिनिटांत उलगडा. भाषा कळत नसतानाही पोरांनी तो मोबाइलवर दोन-दोनदा पाहिला होता. "फादर, काय शिकार केलीय!" असे एक जण म्हणाला. हे कौतुक पोलिसाचे की खुन्याचे, असे मी विचारले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "दोघांचंही." उत्तर प्रामाणिक होते. त्या मुलाशी माझे भांडण नाही. ज्या कथाप्रकाराने त्याला असे उत्तर द्यायला शिकवले, त्याच्याशी आहे.

इटलीत या प्रकाराला मोठी परंपरा आहे. १९२९ साली मिलान येथील मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने रहस्यकथांची एक माला काढली. तिची मुखपृष्ठे पिवळी होती. तेव्हापासून इटालियन भाषेत रहस्यकथेला 'जाल्लो', म्हणजे 'पिवळे', असेच म्हणतात. (आपल्याकडे 'पिवळी पुस्तके' म्हटले की निराळाच अर्थ निघतो, तो येथे घेऊ नये.) पुढे त्या पिवळ्यात काळे मिसळले. १९६० नंतर मारिओ बावा आणि त्याच्यामागून दारिओ अर्जेंतो या दिग्दर्शकांनी हा प्रकार पडद्यावर रुजवला. काळे कातडी हातमोजे, चकाकणारे पाते आणि जिवाच्या आकांताने पळणारी स्त्री ही त्याची ओळख ठरली. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवायचा आणि खुन्याला जे दिसते तेच प्रेक्षकाला दाखवायचे, ही त्यातली हुकमी युक्ती. अर्जेंतोच्या अनेक चित्रपटांत हातमोज्यांतले ते हात खुद्द दिग्दर्शकाचे आहेत. चित्रपटाचे रसिक ही हकिगत गमतीने सांगतात. मला तिच्यात गंमत दिसत नाही. हात दिग्दर्शकाचे आणि डोळे प्रेक्षकाचे, मग त्या पडद्यावर परके उरले कोण? ती पळणारी बाई तेवढी.

याच इटलीत, फ्लॉरेन्स शहराभोवतालच्या टेकड्यांत, १९६८ ते १९८५ या काळात खरोखरीच माणसे मारली गेली. आठ घटना आणि सोळा बळी त्या एका प्रकरणाशी जोडले जातात. बहुतेक रात्री मोटारीत बसलेली जोडपी. वृत्तपत्रांनी अज्ञात खुन्याला 'फ्लॉरेन्सचा राक्षस' हे नाव दिले. पिएत्रो पाच्चानी नावाच्या शेतमजुराला १९९४ साली दोषी ठरवले गेले. १९९६ साली अपिलात तो सुटला, त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा हुकूम दिला आणि ती होण्यापूर्वीच १९९८ साली तो मरण पावला. त्याच्या दोन साथीदारांना शिक्षा झाल्या, तरी खरे काय घडले याविषयी इटलीत आजही वाद चालतो. म्हणजे सर्वांत चुरचुरीत थरारपट ज्या देशात निघाले, त्याच देशात खरा खटला मात्र थरारपटासारखा संपला नाही. अखेरच्या दहा मिनिटांतला तो उलगडा आलाच नाही.

फ्लॉरेन्स आपल्यापासून दूर आहे. मानवत दूर नाही. जालन्याच्या स्थानकावरून परभणीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की परतूर लागते, सेलू लागते आणि मग मानवत रोड. १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला. तोवर परतूर तालुका परभणी जिल्ह्यातच होता. आज आपल्या जिल्ह्यात मोडणाऱ्या परतूरच्या माणसांसाठी तेव्हा मानवत म्हणजे स्वतःच्याच जिल्ह्यातले गाव. मराठवाड्यातल्या ज्या वाचकांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांना त्या दिवसांतली भीती आठवत असेल. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायला गेलेली माणसे, आटलेल्या विहिरी, आणि त्यात मुली नाहीशा होत असल्याची वार्ता.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या सुमारे चौदा महिन्यांत मानवतमध्ये दहा खून झाले. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या. चार स्त्रिया पस्तिशीच्या सुमाराच्या. एक तान्हे लेकरू. अखेरच्या दिवशी एक आई आणि तिच्या दोन मुली एकदमच मारल्या गेल्या. ते तान्हे लेकरू त्यांतलेच. बळींमध्ये हिंदू होत्या, मुसलमान होत्या. मुंबईच्या गुन्हे शाखेतून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवण्यात आले. सरकार पक्षाचे म्हणणे असे होते की, पिंपळाखाली गुप्तधन पुरलेले आहे, मुंजा ते राखतो आहे, कुमारिकेच्या रक्ताखेरीज तो संतुष्ट होणार नाही, आणि तो संतुष्ट झाला तर एका निपुत्रिक स्त्रीची कूसही उजवेल, या समजुतीपोटी हे बळी दिले गेले. ज्यांच्यासाठी ते दिले गेले असा आरोप होता ते एक जोडपे होते: गावातला प्रतिष्ठित पुढारी आणि पारधी समाजातली, त्याच्या आश्रयाला असलेली एक स्त्री. बाकीचे बहुतेक आरोपी हातावर पोट असलेले.

सत्र न्यायालयाने त्या दोघांना दोषी धरले. उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता कायम केली. ते निकालपत्र न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिले आहे आणि कायद्याच्या महाविद्यालयांत ते आजही शिकवले जाते. शिकवले जाते ते थरारासाठी नव्हे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबावे, त्याला स्वतंत्र पुष्टी का हवी, आरोपीचा कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्याने तो स्वखुशीचा आहे याची खातरजमा कशी करावी, शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीला त्याविषयी बोलण्याची संधी का द्यावी, असे त्यातले प्रश्न आहेत. पोलिसांच्या हाती मोठे अधिकार असतात आणि गुन्हा उकलण्याच्या आवेशात ताब्यातल्या माणसावर हात टाकण्याचा मोह त्यांना होतो, तो मोह वेळीच खुडला पाहिजे, असेही त्या निकालपत्रात बजावलेले आहे. काही आरोपींवरचा दोष सिद्ध झाला आणि तो टिकला. सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे सारे गाव बोट दाखवीत होते ते मात्र न्यायालयाच्या दृष्टीने निर्दोष ठरले.

मी त्या दोघांची नावे येथे लिहीत नाही. ती नावे कोणाला ठाऊक नाहीत असे नव्हे. मराठवाड्यात शेंबड्या पोराच्याही तोंडी ती होती. पण देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यांना सोडले, त्यांना माझ्या लेखणीने पुन्हा पिंजऱ्यात उभे करणे मला मंजूर नाही. त्यांनी ते केले नाही, अशी ग्वाही मी देऊ शकत नाही. त्यांनी ते केले, असे म्हणण्याचा अधिकारही मला नाही. या दोहोंच्या मधली जी अवघड जागा आहे तिथे उभे राहणे शिकारीच्या गोष्टीला मुळीच जमत नाही. तिला सावज हवे असते, आणि न्यायालय देईल त्याहून पक्के हवे असते.

आपल्याकडे या प्रकरणावर दोनदा चित्रण झाले. १९८१ साली अमोल पालेकर यांनी 'आक्रीत' हा चित्रपट काढला. त्याची कथा विजय तेंडुलकरांची. नावे बदललेली होती, तरी पाहणाऱ्याला कोण ते कळत होते. त्यातही तो निवाडा गृहीत धरलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी हाव आहे, सत्ता आहे, आणि ती हाव साध्यासुध्या घरात कशी वाढते ते आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात 'मानवत मर्डर्स' ही मालिका घरोघरच्या दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर आली. ती रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली आहे आणि आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींची भूमिका केली आहे. येथे आरोपींची नावे खरीच ठेवली आहेत. कलावंत नामांकित आहेत, त्यांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. पण तपास अधिकाऱ्याच्या आठवणी म्हणजे अर्थातच पाठलागाच्या आठवणी. त्याला खटला जसा दिसला तसा तो सांगणार. त्यात त्याचा दोष नाही. दोष आपला, की एका बाजूच्या वकिलाचे म्हणणे ऐकून आपण निकाल देऊन मोकळे होतो. अखेरीस पडद्यावर चार ओळी उमटोत वा न उमटोत, भाग संपवून उठणाऱ्या माणसाच्या मनावर जो ठसा बसायचा तो आधीच बसलेला असतो.

त्या ठशाचा एक भाग मला विशेष बोचतो. पारधी. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. असे कायदे स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाले. कायदा गेला, नजर गेली नाही. आपल्या तालुक्यांत एखाद्या शेतात चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते, हे कोणत्याही गावकऱ्याला विचारा. आरोपी स्त्री पारधी होती, या एका तपशिलाने मानवतच्या प्रकरणात गावाची किती सोय केली असेल! मुंजाला मानणारे सारे गाव होते. गुप्तधनाच्या गोष्टी पारावर सारेच सांगत होते. पण राक्षस म्हणून जी बाई सापडली ती आधीच गावकुसाबाहेरची.

वाचक बंधुभगिनींनो, राक्षस हा शब्द फार आरामाचा आहे. तो दुसऱ्याला लावला की आपण माणसांत उरतो. पवित्र शास्त्रातल्या पहिल्याच खुनाची कथा आठवा. काईनाने हाबेलाला शेतात मारले. देव सर्वसाक्षी, खुनी कोण, हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता. त्याने काईनाला पहिला प्रश्न विचारला तो मेलेल्याविषयीचा: तुझा भाऊ कोठे आहे? जगातला हा पहिला तपास आणि त्याची सुरुवात बळीपासून होते. पुढे काईनाला भीती वाटते की जो भेटेल तो मला मारील. तेव्हा देव त्याच्यावर खूण करतो, ती त्याला कोणी मारू नये म्हणून. शिकारीला मनाई आहे. शिक्षा आहे, वनवास आहे, भूमीने आपले सत्त्व त्याला देणे थांबवलेले आहे, पण शिकार नाही. ही कथा आपण बालवयापासून ऐकतो, आणि संध्याकाळी जेवणाची ताटे पुढ्यात घेऊन नेमके उलट शिकवणारी दुसरी कथा पाहतो. तिच्यात मेलेल्या मुलीला दोन मिनिटे मिळतात: पहिल्या भागात एक चप्पल, झुडपात अडकलेली रिबीन, आणि आईची एक किंकाळी. नंतर ती मुलगी म्हणजे नकाशावर टोचलेली टाचणी.

याला उत्तरे देणारे आहेत, आणि ती उत्तरे मी ऐकलेली आहेत.

हे केवळ मनोरंजन आहे, असे एक उत्तर. मी सोवळा माणूस नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार मी वाचनालयाच्या फाटक्या प्रतींतून वाचला आहे, सुहास शिरवळकरांसाठी रात्री जागलो आहे, आणि सेमिनरीत लॅटिनच्या पुस्तकाआड काय काय असे ते येथे सांगत बसत नाही. बंदी घाला असे मी म्हणत नाही. बंदीने कोणाचे भले झाल्याचे मी पाहिलेले नाही. पण अर्नाळकरांच्या कथेत मेलेला सावकार कधी जन्मलाच नव्हता. मानवतच्या मुली जन्मल्या होत्या. त्यांच्या सोबतच्या मुली आज साठीला आलेल्या असतील. आपल्याच गाडीत, परतूरला चढून शेजारच्या बाकावर बसत असतील. कल्पनेतले प्रेत आणि शेजारणीच्या बहिणीचे प्रेत यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या मनोरंजनाला मी मनोरंजन म्हणणार नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: अशा मालिकांमुळे अंधश्रद्धेविरुद्ध जागृती होते. होत असेल. पण जागृती कशाने झाली याचा हिशेब महाराष्ट्रापुढे आहे. १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, भगताच्या दारात जाऊन बोलले, वर्षानुवर्षे एका कायद्यासाठी विधिमंडळाची दारे ठोठावीत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्या वर्षाअखेर नरबळी व अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. मानवतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! त्या चाळीस वर्षांत मानवतच्या कथा चवीने सांगणारे थोडे नव्हते. दुसऱ्याची अंधश्रद्धा पाहून अंगावर काटा येणे आणि स्वतःची सोडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यातही आजारी लेकराला आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात नेणारी घरे आहेत. क्रूसाखाली लिंबू-मिरची टांगलेली दारे मी घरे आशीर्वादित करताना पाहिली आहेत. नवस फळावा म्हणून मातेच्या मूर्तीशी बाजारातला सौदा करणारेही आपणच. मुंजा फार लांब राहतो असे समजू नये.

तिसरे उत्तर माझ्याच एका गुरुबंधूंनी दिले. ते म्हणाले, शोधकथा हीच मुळात नैतिक कथा आहे. पाप उघडे पडते आणि न्याय होतो. त्यांनी फादर ब्राउनचा दाखला दिला. दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. चेस्टरटनने १९११ साली त्या बुटक्या, गबाळ्या धर्मगुरूचे पहिले पुस्तक काढले. फादर ब्राउन खुन्याचा माग काढतो तो स्वतःच्या अंतःकरणात उतरून: हे कृत्य मी कोणत्या क्षणी, कशापायी केले असते, असे स्वतःला विचारून. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून ऐकलेली माणसे त्याच्या पाठीशी असतात. त्याला शिकारीत गोडी नाही. पुष्कळदा तो पापी माणसाशी बोलत बसतो आणि बेड्यांची काळजी दुसऱ्यांवर सोडतो. खुन्याच्या डोळ्यांनी पाहण्याची अर्जेंतोची युक्ती आणि फादर ब्राउनची रीत दिसायला सारखी आहे. एकीत आपण खुन्याबरोबर मजा घेतो, दुसरीत त्याच्याबरोबर लाजतो.

मुंबईचा रमण राघव आठवावा. २७ ऑगस्ट १९६८ रोजी ॲलेक्स फियालो या पोलीस अधिकाऱ्याने त्याला ओळखून पकडले, आणि ते नाव आपल्यातले म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. तो तपासही रमाकांत कुलकर्णी यांच्याच देखरेखीखाली झाला होता. फाशी सुनावलेला तो माणूस पुढे वैद्यकीय तपासणीत असाध्य मनोरुग्ण ठरला, त्याची फाशी १९८७ साली जन्मठेपेत बदलली आणि १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. त्याच्या नावाने चित्रपट निघाले. त्याने कोंबडीचा रस्सा मागितला होता, हेही लोकांना पाठ आहे. उपनगरांतल्या झोपड्यांत आणि रस्त्याच्या कडेला झोपलेली जी गोरगरीब माणसे त्याने मारली, त्यांतले एक तरी नाव कोणाला येते का? मला वाटत नाही. दाराला कडी असती तर ती वाचली असती, इतकी साधी त्यांची कथा आहे, आणि तिला निर्माता मिळत नाही.

म्हणून आमच्या युवक मंडळाला मी वेगळाच उद्योग सुचवला आहे, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांनाही सुचवतो. १९७७ चे ते निकालपत्र कायद्याच्या कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळते. भाषा इंग्रजी आहे, जरा जड आहे. गावातल्या वकिलाला शेजारी घेऊन बसावे. त्यात पाऊस नाही, पाठलाग नाही, ओल्या रस्त्यावरचे दिवे नाहीत. बाहुलीच्या वयाच्या त्या पोरी आणि त्या चार बायका नावानिशी, वयानिशी, तारखेनिशी आहेत. पहिली तारीख १४ नोव्हेंबर आहे. शाळाशाळांतून तो दिवस बालदिन म्हणून साजरा होतो. त्यांची नावे मी येथे मुद्दाम छापत नाही, कारण त्यांच्या आप्तांच्या दारात पुन्हा कॅमेरे जावेत अशी माझी इच्छा नाही. ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने त्या पानांपर्यंत स्वतः चालत जावे. आणि मालिकेचे सारे भाग पाहिलेल्यांपैकी ज्यांना त्या दहांतली दोन नावे न अडखळता सांगता येतील, त्यांनी मला पत्र लिहावे.